धुरपताबाई नाबाद

आमच्या गावात एक नवरदेव मांडवात पोचायच्या आधीच बाद झालेला आहे. माणूस धडधाकट आहे, पाथरीला त्याचं खताचं दुकान आहे, दोन लेकरांचा बाप आहे. पण त्या दिवशी वरात शाळेमागच्या मैदानातून आडवी आली, घोड्याचा मागचा पाय राखेच्या रेघेवर पडला, आणि दोन बोटं तोंडात घालून मारलेली अशी शीळ आली की बँडवाल्यांचा सूर जागच्या जागी मेला.

"घोडं बाद! नवरदेव बाद!" मैदानाच्या मधोमध उभी राहून धुरपताबाई ओरडली. "वाजवणारे रेघेच्या भायेर हायत. ते ऱ्हाऊ द्या."

नवरदेव उतरला आणि रेघेला वळसा घालून पायी मांडवात गेला. व्याही रुसले, जेवणं लांबली. धुरपताबाई जेवायला आलीच नाही. तिला कुणी बोलावलंही नव्हतं.

आमचं गाव झरीच्या पलीकडं, आठवडी बाजाराला झरीलाच जावं लागतं. शाळेमागं एक मोकळी जागा आहे. ती कुणाची नाही, म्हणून सगळ्यांचा तिच्यावर डोळा. तिथं रोज संध्याकाळी लेकरं खो-खो खेळतात आणि धुरपताबाई तिथली पंच, मास्तर आणि शिपाई. तिला नेमलं कुणी, तर कुणी नाही. काढणाराही कुणी नाही, कारण त्या शिळेला सगळे भितात.

तिचा खरा धंदा मेंढरांचा. ओढ्याच्या पलीकडं धनगरांची चार घरं आहेत, त्यातल्या एकात ती एकटी राहते. लहानपणी तापात डावा पाय वाळला, म्हणून लग्न झालं नाही. किंवा गावानं तसं कारण ठरवून टाकलं. चालायला लागली की एक खांदा झरीकडं झुकतो, दुसरा येलदरीकडं, आणि मधून स्वारी सरळ जाते. मेंढरं वळवायची जी शीळ, तीच लेकरांना आणि तीच सरपंचांना. "मेंढरं लवकर समजतेत," एवढाच तिचा शेरा.

रेघेच्या बाहेर बाई फार अदबीची. मला "वैनी, तुमी" म्हणते, कारण गावाच्या नात्यानं ती माझी नणंद आणि जमिनीच्या नात्यानं मी मालकीण. पण रेघेच्या आत पाय पडला की जो तो "तू". सरपंच एकदा टुर्नामेंटचा नारळ फोडायला आत आले.

"ए, चप्पल काढ," धुरपताबाई म्हणाली.

सरपंचांनी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणाली म्हणून. मागं कुणी नव्हतं.

ती रेघ चुन्याची नाही, चुलीच्या राखेची. रोज सकाळी टोपलं घेऊन ती दारोदार फिरते. वरची गल्ली, खालची गल्ली, भीमनगर, मोहल्ला, सगळीकडची राख एकाच टोपल्यात. आमच्या सासूबाई होत्या तोवर आपली राख फडक्यात वेगळी बांधून द्यायच्या. "मिसळू नको गं," म्हणायच्या. "बरं माय," असं म्हणून धुरपताबाई दाराबाहेर पडता पडता ते गाठोडं टोपल्यात उलटं करायची. मी खिडकीतून बघायची आणि पदर तोंडात घालून हसायची. आता घरोघरी गॅस आला, राखेची टंचाई झाली. म्हणून मी परसात पाण्याची चूल अजून पेटवते. सून सांगते सगळ्यांना, "आत्याबाईंना धुराची सवय आहे." असू दे, सवय तर सवय.

या खेळातलं मला फार कळतं असं गाव समजत आलं आहे, कारण तसं मीच पसरवलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा येईल-जाईल त्याला सांगायची, मी कन्याशाळेच्या खो-खो संघात होते. होते, ते खरं. माझं काम बाकीच्यांच्या चपला सांभाळायचं. एकदाच एका मुलीला ओकारी झाली म्हणून मला आत बसवलं. खो मिळाला, मी उठले, सुसाट निघाले, आणि पळणारी मुलगी तर मागंच राहिली! मी गर्रकन मागं फिरले आणि तिला धरलं. आता खो-खोत उठलेल्यानं ज्या तोंडानं निघाला त्याच तोंडानं खांबापर्यंत जायचं असतं, मधे मागं फिरता येत नाही. फाऊल. बाईंनी मला परत चपलांवर नेऊन बसवलं. हे मी नवऱ्याला जन्मात सांगितलं नाही. बिचारा मरेपर्यंत समजत होता की आपण खेळाडू बायको केली.

पुढं मी महिला मंडळाची अध्यक्ष झाले, तेव्हा तर विचारूच नका. इस्त्रीची साडी, काखेत पर्स, पर्समध्ये एक कंगवा. बायकांसाठी खेळांचा दिवस ठेवला. संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. "खेळात भेदभाव नसतो, भगिनींनो!" असं मी माइकवरून गरजले. खुर्च्या वरच्या गल्लीपुरत्याच आणल्या होत्या; बाकीच्या भगिनी टाळ्यांना. धुरपताबाई लांब मेंढरांत उभी होती. भाषण संपलं तशी तिनं शीळ मारली. मला वाटलं, कौतुक. नंतर कळलं, मेंढरू ज्वारीत शिरलं होतं.

आता तिचं खरं वेड सांगते. लेकरांच्या खेळात प्रत्येक गल्लीला एक कच्चा लिंबू असतो. कुणाचं शेंबडं भावंड, कुणी लंगडं, कुणी अडाणी. आईनं दटावलं म्हणून त्याला घ्यायचं, पण नुसतं घेतल्यासारखं करायचं. तो पळतो, त्याच्यामागं कुणी पळत नाही. हात लागला तरी तो बाद नसतो. त्याला बिचाऱ्याला वाटतं आपण खेळलो. धुरपताबाईच्या मैदानात कच्चा लिंबू नाही. येईल त्याला ती आत घेते आणि येईल त्याला बाद करते.

सरपंचांचा नातू पहिल्यांदा आला, डोळा मिटायच्या आत बाद झाला आणि भोकाड पसरून घरी गेला. त्याची आई तणतणत आली.

"लेकराला जरा सांभाळून घ्यावं की हो, धुरपताबाई!"

"लेकरू घरी. हितं भिडू हाय."

"रडायलंय ते!"

"रडू द्या. खेळलं म्हणून रडायलंय. न खेळणारं कशाला रडंल?"

मोहल्ल्यातल्या नसीमला ऐकू येत नाही. पोरी म्हणाल्या, हिला खो म्हटलेलं कळणार कसं? धुरपताबाईनं नसीमला चौकोनात बसवलं आणि तिच्या पाठीत असा पंजा हाणला की पोरगी चेंडूसारखी उठली. "खो कानात नसतोय, पाठीत असतोय. जोरात हाणत जा." आज नसीमसारखी उठणारी पोरगी या पट्ट्यात नाही.

वरच्या गल्लीच्या आयांचं दुखणं निराळं होतं आणि ते मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. खो द्यायचा म्हणजे पाठीला हात लावायचा. कुणाची पाठ, कुणाचा हात! शेवटी एकीनं धीर केला. "नुसतं तोंडानं खो म्हणलं तर न्हाई का चालत?"

"चालतंय," धुरपताबाई म्हणाली. "भाकर म्हणल्यानं पोट भरत असंल तर चालतंय."

त्या घरांतल्या पोरी वर्षभर आल्या नाहीत. मग मोबाइलला कंटाळल्या आणि आल्या. समतेनं नाही हो, कंटाळ्यानं. आमच्याकडं सुधारणा अशीच येते, मागच्या दारानं, जांभया देत.

असं सगळं आपापलं चाललं होतं. गेल्या हिवाळ्यात एका संस्थेची जीप आली. तिच्यातून एक पोरगा उतरला. स्वभावानं गरीब, बोलायला गोड, गळ्यात ओळखपत्र. त्याला सगळे समन्वयक सर म्हणायचे. खेळातून विविधता, समता आणि समावेश घडवायचा, असं त्याच्या बॅनरवर लिहिलं होतं. आमच्या मैदानावर लेकरं मिसळलेलीच होती, पण ते फोटोत दिसेना. म्हणून त्यानं आधी त्यांना निवडलं. तू कुठल्या वस्तीतली, तुझं आडनाव काय, तू इकडं हो. प्रत्येक गटाला निराळ्या रंगाचा टी-शर्ट दिला आणि मग म्हणाला, "हां, आता मिसळा!" ज्या पोरींना एकमेकींची गल्ली ठाऊक असून आठवत नव्हती, त्यांना ती त्या दिवशी रंगासकट पाठ झाली.

मग त्याला धुरपताबाई दिसली. बाई, ज्येष्ठ, दिव्यांग आणि मेंढपाळ, चारही एकाच लुगड्यात! एका नारळात चार देव पावल्यासारखा त्याचा चेहरा झाला. येत्या रविवारी प्रदर्शनीय सामना होता, जिल्ह्याहून पाहुणे येणार होते.

"आजी, तुम्ही खेळाल?"

धुरपताबाईनं रेघेकडं बोट केलं. "खेळायचं म्हंजे? आत?"

"आत."

"सगळ्यांसारखं?"

"अगदी सगळ्यांसारखं, आजी. तीच तर आपली थीम आहे."

थीम काय ते तिला कळलं नाही. आत हे कळलं.

दुसऱ्या दिवशी राखेला आली तेव्हा टोपलं खाली ठेवून माझ्या पायरीवर बसली. कधी बसत नाही.

"वैनी, मला तिघीत घातलंय. पैल्या तिघीत." खो-खोत पळणाऱ्या तिघी-तिघी आत उतरतात, ते ती सांगत होती.

"मग? आता भाव खाशील तू."

ती हसली नाही. "लहानपणी ह्याच जागंवर खेळ व्हायचा. माझी माय लई मागं लागायची, म्हणून घ्यायच्या मला पोरी. कच्चा लिंबू. एक एक करून सगळ्या बाद व्हायच्या अन् रेघेच्या भायेर जाऊन बसायच्या, एकमेकीच्या मांडीवर डोकं टाकून, खिदळत. मी आपली आत उभी. कुणी बाद बी करंना अन् भायेर बी बोलवंना. दिस बुडला की त्या तशाच घरी जायच्या." मग टोपलं उचलत म्हणाली, "अवंदा मी बी जाऊन बसंन की त्या रांगंत."

आठवडाभर तिनं तयारी केली. पायाला तेल चोळलं. मेंढरांतला दांडगा एडका स्वतःच्या अंगावर सोडायची आणि ऐन वेळी बाजूला सरकायची. एडक्याला ते खरं वाटायचं, तो दातओठ खाऊन यायचा. ओढ्याच्या काठी बसून मी तो सराव बघितला आहे. हसून हसून माझी कवळी सुटायची वेळ आली. एडक्यानं तिला दोनदा लोळवलं. तो तेवढा प्रामाणिक निघाला.

रविवारी मांडव पडला, डीजे आला, पाहुणे आले. धुरपताबाई हिरवं लुगडं कासोटा घट्ट मारून नेसली होती. पकडणाऱ्या पोरींत माझी नात वैष्णवी होती. तिला खो-खो धुरपताबाईनंच शिकवला. "मैदानात दया दाखवलीस तर कान उपटीन," हा पहिला धडा.

सामना सुरू झाला. बाकीच्या दोघी पळणाऱ्या लवकरच बाद झाल्या आणि रेघेबाहेर जाऊन बसल्या. आत राहिली धुरपताबाई. ती चांगली पळत होती हो! पाय ओढत, पण डोक्यानं. वैष्णवी तिच्यापर्यंत आली. हाताच्या अंतरावर पाठ होती. पोरीनं हात उचलला, खाली घेतला आणि तिला वळसा घालून पुढं गेली. मग दुसरी आली, तीही तशीच गेली. तिसरी तर थांबून हसली.

"मार की गं! पाठ हाय हितं!" धुरपताबाई ओरडली.

लोक हसले. मग टाळ्या सुरू झाल्या. समन्वयक सरांनी सकाळी पोरींच्या कानात सांगून ठेवलं होतं, आजींना बाद करायचं नाही, बरं दिसत नाही. नसीमला ती कुजबूज ऐकू गेली नसती, म्हणून तिला कुणी खोच दिला नाही. ती तशीच चौकोनात बसून राहिली, उठायच्या तयारीत.

धुरपताबाई पळायची थांबली. मैदानाच्या मधोमध पाठ करून उभी राहिली. पोरी तिच्या दोन्ही बाजूंनी धावत होत्या, ओढ्याचं पाणी दगडाच्या बाजूनं जातं तशा. मग तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ मारली. पण डीजे वाजत होता. नवरदेवाला घोड्यावरून उतरवणारी ती शीळ, त्या दिवशी कुणाला ऐकू आली नाही.

"आणि आपल्या धुरपताआजी आहेत... नाबाद!" माइकवरून घोषणा झाली. शाल, कप, फोटो. पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तोही फोटोपुरता. तो फोटो आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. सगळे हसतायत, फक्त तिचे डोळे रेघेबाहेर बसलेल्या त्या दोघींकडं आहेत.

घरी वैष्णवी माझ्यापुढं उभी राहिली. "सरांनी सांगितलं होतं, आजी. मला पण वाटलं, तिला बरं वाटेल."

"तिला काय बरं वाटतं ते तिला विचारलं का कुणी?"

पोरगी नखानं भिंत खरवडत राहिली.

सोमवारी राखेला कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मैदानात सरपंचांचा ट्रॅक्टर उभा राहिला. मग कुणी सरपणाच्या तुराट्या आणून टाकल्या. गावाला रिकामी जागा बघवत नाही. लेकरं दोन दिवस फिरकली, मग मोबाइल घेऊन पारावर बसली, आपापल्या गल्लीच्या पारावर. टी-शर्ट अंगात होतेच, त्यामुळं ओळखायला सोपं.

शेवटी मीच टोपलंभर राख डोक्यावर घेतली आणि ओढा ओलांडला. सून म्हणाली, "आत्याबाई, लोक काय म्हणतील?" ज्यांनी मला पर्समध्ये कंगवा घेऊन भाषण करताना ऐकलं, ते आता आणखी काय म्हणणार?

धुरपताबाई मेंढरांना खडेमीठ चारत होती. मीठ त्या कपात होतं.

"कामाचा हाय," ती म्हणाली. "मेंढराचं तोंड बराबर मावतंय."

"मैदानावर तुराट्या पडल्यात."

"पडू द्या."

"लेकरं वाट बघायलेत तुझी."

"बघू द्या." एक मेंढरू दूर सारत ती म्हणाली, "वैनी, तवाच्या पोरींना मी काय शिकवलं नव्हतं. ह्या तर मीच शिकवलेल्या."

 समजूत काढणं मला जमत नाही; मी खोडी काढते, तेवढी एकच विद्या मला येते. तशीच मैदानावर गेले, तुराट्या पायानं सारल्या आणि दोन खांबांच्या मधे राखेची रेघ ओढायला लागले. वाकता येत नाही, म्हणून उभ्यानंच राख सोडत गेले. निम्म्यावर आले तेव्हा मागून आवाज आला.

"ही रेघ हाय का साप?"

मेंढरं घेऊन ती मैदानाच्या कडेला उभी होती. तिला वाकडी रेघ बघवत नाही, हे मला माहीत होतं. तिनं टोपलं माझ्या हातातून हिसकलं, माझा साप पायानं पुसला आणि सुतासारखी रेघ ओढली. मी मधल्या वेळात पदर खोचला.

"काय करायलाव, वैनी?"

"पळ. मी धरते. कन्याशाळेच्या संघात होते मी."

"येड लागलंय का? गुडघे..."

"रेघेच्या आत वैनी कोण?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग कासोटा ओढून घट्ट केला आणि खांबाजवळ जाऊन उभी राहिली.

आता त्या पळण्याचं वर्णन मी करत नाही. पारावरून मोबाइल घेऊन पोरं आली, एवढं सांगते. मी खांबापर्यंत जायची, वळसा घालायची, तोवर ती सावकाश मधली रेघ ओलांडून पलीकडं. मला रेघ ओलांडायची सोय नाही, म्हणून मी परत दुसऱ्या खांबाकडं. छातीचा भाता झाला. ती मात्र हसत होती. इतक्या वर्षांत तिचे दात मी पहिल्यांदाच मोजण्यासारखे बघितले. एकदा तिचा पाय अडखळला. मी वेगात होते, म्हणजे माझ्या मानानं, आणि तिच्यापुढं दोन पावलं निघून गेले. गर्रकन मागं फिरले आणि सगळं बळ एकवटून तिच्या पाठीत पंजा हाणला.

"बाद!" मी ओरडले.

शीळ अशी आली की झाडावरचे कावळे उठले.

"फाऊल! मागं फिरलीस!"

"अगं पण लागला की हात!"

"फाऊल म्हंजे फाऊल. मी बाद न्हाई."

मी तिथंच राखेत बसले. पोरं हसत होती. वैष्णवी आणि नसीम रेघेबाहेर येऊन उभ्या होत्या, आत यावं की नाही ते न कळून. धुरपताबाईचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. माझा पंजा जिथं बसला होता तिथं हात पोचत नव्हता, तरी ती मागं हात नेऊन नेऊन चाचपत होती.

"लय जोरात हाणलंस गं," ती म्हणाली.

मग टोपलं उचललं, रेघेच्या बाहेर पाय टाकला आणि मेंढरांना शीळ घातली. दहा पावलं गेल्यावर मागं न बघता ओरडली,

"उद्या ये. गुडघ्याला तेल लावून ये."